खान्देशातून कोळीवाड्यांकडे: डहाणू-पालघरचा किनारा पाहण्याची रीत

जळगाव-धुळ्याकडे कुणी ‘समुद्र बघायला जाऊ’ म्हटलं की नाव निघतं ते अलिबागचं, नाहीतर गणपतीपुळ्याचं. दोन्हीकडे जायचं तर आधी मुंबई नाहीतर पुणं ओलांडावं लागतं. चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस गाडीतच जातात. आपली तापी मात्र इतका वळसा घेत नाही. हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा करत ती सरळ पश्चिमेला जाते आणि सुरतेपुढे डुमसपाशी समुद्राला मिळते. तिच्याच खोऱ्यातून जळगाव-उधना रेल्वे जाते, ३०६ किलोमीटरची. सुरतेहून दक्षिणेला वळलं की दीडशे किलोमीटरच्या आत डहाणू येतं. झाई, बोर्डी, डहाणू, चिंचणी, सातपाटी, केळवे, अर्नाळा ही सगळी गावं या एकाच पट्ट्यात, एकाच रेल्वेवर ओवलेली आहेत. खान्देशासाठी जवळचा मराठी किनारा हाच. इथं स्कूबा नाही, निळंशार पाणीही नाही. पाणी गढूळ, वाळू करडी आणि हवेला सुकत्या मासळीचा वास. जिवंत कोळीगावं पाहायची असतील तर मात्र हा किनारा सोडू नये.

तारखेआधी तिथी ठरवा

खान्देशातून जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सुट्टी कधी मिळते ते बघून खोली ठरवली जाते आणि तिथं पोचल्यावर कळतं की समुद्र अर्धा किलोमीटर आत गेलाय आणि पुढ्यात नुसता चिखल आहे. या किनाऱ्याचा उतार फार कमी आहे. त्यामुळे भरती-ओहोटीत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

हिशेब सोपा आहे आणि त्याला घरातली दिनदर्शिका पुरते. त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून, म्हणजे एकपासून करायची. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा: पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बारा-सव्वाबाराला ओहोटी. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं. म्हणजे हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. शिवाय डहाणूकडे पाणी मुंबईपेक्षा थोडं उशिरा चढतं. बेत आखायला हिशेब पुरेसा आहे. पाण्यात उतरायचं किंवा होडीत बसायचं असेल तेव्हा मात्र मोबाईलवर त्या गावाचा भरतीचा तक्ता बघा, नाहीतर किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. यातून बेत ठरतो. सूर्यास्ताला पाय पाण्यात हवे असतील तर सप्तमी ते नवमी गाठा, तेव्हा भरती संध्याकाळी येते. उधाणाच्या दिवसांत सूर्य मावळताना नेमकी ओहोटी असते, फोटोत वाळूच जास्त येते. पण मासळीचे ढीग बघायचे असतील तर उधाणच बरं. बोंबील, जवळा पकडणारं डोल जाळं म्हणजे प्रवाहात तोंड उघडं ठेवून बांधलेली लांबलचक पिशवी. प्रवाहाला जोर असेल तरच ती भरते. भांगात पाणी मरगळलेलं असतं, तेव्हा डोलीत फार काही लागत नाही.

आपल्याकडचे सण या हिशेबात घालून पाहा. दिवाळीला बहुतेक घरं भाऊबीज आटोपून निघतात, म्हणजे पहिला दिवस तृतीयेचा: सकाळी साडेआठला ओहोटी, दुपारी सव्वादोनला भरती. तिथून अष्टमीपर्यंत भरती रोज संध्याकाळकडे सरकत जाते, म्हणजे हे दिवस उत्तम. अडचण एकच, गुजराती नववर्ष ते लाभपंचमी या काळात सुरत-वापीकडची सगळी गर्दी दमण आणि बोर्डीला उतरते. जमलं तर पंचमी गेल्यावर निघा, खोल्याही मिळतात आणि घासाघीसही करता येते. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेची, म्हणून वेळापत्रक तेच. फक्त उन्हाची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो.

जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. गावात होड्या शाकारलेल्या, जाळी शिवणं चालू आणि बाजारात बर्फातली जुनी नाहीतर बाहेरून आलेली मासळी. त्या दिवसांत ‘आजचं ताजं पापलेट’ कुणी पुढं केलं तर दोनदा विचार करा. आपल्याकडे कानबाईचं विसर्जन झालं की साधारण आठवडाभरात नारळी पौर्णिमा येते. तेव्हा कोळीवाड्यांत सजवलेल्या होड्या बघायला मिळतात, पण समुद्र अजून खवळलेलाच असतो, सोहळा काठावरूनच बघायचा. खरा मोसम ऑक्टोबरचं ऊन ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

जायचं कसं

नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव इकडच्यांनी सरळ सुरतेची गाडी धरावी. जळगावहून सुरतेला पाच-सहा तास लागतात, नंदुरबारहून त्याच्या निम्मे. सुरतेला उतरून वापी-डहाणू-पालघरकडे थांबत जाणारी गाडी पकडायची. इथं दोन गोष्टींत लोक फसतात. एक, या मार्गावरच्या काही गाड्या सुरतेला न जाता उधन्याला थांबतात किंवा बाहेरूनच वळतात. तिकिटावर स्टेशनाचं नाव नीट वाचा आणि दोन गाड्यांत निदान दोन तास राखा. दुसरं, मुंबईकडे धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या डहाणू रोडला थांबत नाहीत. ‘मुंबईकडे जाते ना, मग थांबेलच’ असं धरून चालू नका. खान्देश एक्सप्रेस नंदुरबारमार्गे मुंबईकडे उतरते आणि याच पट्ट्यातून जाते. तिचे वार आणि थांबे तिकीट काढताना तपासून घ्या, जुळले तर बदलाबदलीच वाचते.

चाळीसगाव, पाचोरा, भुसावळकडच्यांना मध्य रेल्वेने दादर गाठून पश्चिम रेल्वेने विरारकडे वर चढणं सोयीचं. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. त्यामुळे एकदा विरारच्या पुढं आलात की सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू अशी गावागावांत उडी मारता येते. लोकल विरारच्या पुढं बऱ्याच अंतराने सुटतात, म्हणून परतीची वेळ आधीच टिपून ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर धुळेकरांना दोन वाटा. साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सोनगड, व्यारा करत सुरत आणि तिथून मुंबई महामार्गाने खाली: रस्ता रुंद, पण ट्रकांची रांग. दुसरी वाट नाशिक-त्र्यंबक-मोखाडा-जव्हारची. जव्हारहून विक्रमगड-मनोरमार्गे पालघर, नाहीतर कासा-चारोटीमार्गे डहाणू. धुळ्याहून साधारण तीनशे किलोमीटर, घाटाची वळणं भरपूर, दिवसाउजेडी करावी. आमचं मत विचाराल तर जाताना जव्हार आणि येताना सुरत. उलट केलं तर परतीच्या थकव्यात घाट चढावा लागतो.

नकाशात ‘नवापूर’ टाकताना जपा. बोईसरजवळ समुद्रकाठी एक नवापूर आहे आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरं. खोलीवाल्याचा पत्ता घेताना बोईसर की नंदुरबार, हे विचारून घेतलेलं बरं.

वाटेत दमणला डोकावायचं असेल तर जरूर डोकवा. मोटी दमणचा पोर्तुगीज किल्ला आजही वापरात आहे, आत सरकारी कचेऱ्या आणि चर्च आहेत. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीजांचा अंमल होता. दमणची बाटली मात्र गाडीत ठेवून निघू नका. दमणच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की गुजरात, आणि तिथं दारूबंदी आहे. नाक्यावर डिकी उघडली जाते आणि ‘आम्ही महाराष्ट्रात चाललोय’ हे सांगून काही उपयोग होत नाही.

कोणत्या गावाला किती वेळ

उत्तरेकडून सुरुवात करा. घोलवड स्टेशनला उतरून रिक्षाने बोर्डी. लांब सपाट पुळण, काठाला सुरूची झाडं, मागं चिकूच्या वाड्या. पोरांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचा तर इथंच, उतार हळू आहे म्हणून. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. घरी न्यायचा चिकू कडकच घ्या. नखाने साल किंचित खरवडा: खाली हिरवं दिसलं तर कच्चा, तो नुसता सुरकुततो, पिकत नाही. पिवळट-तपकिरी दिसलं की चार-पाच दिवसांत खायला तयार. बोर्डीच्या उत्तरेला गुजरातच्या हद्दीला टेकलेलं झाई हे लहान मच्छीमार गाव आहे. पर्यटकांची वर्दळ कमी, होड्या लहान, आणि माणसं मराठी-गुजराती एकाच वाक्यात बोलतात. नवापूर-नंदुरबारकडच्यांच्या कानांना ते ओळखीचंच वाटेल.

डहाणूला समुद्र गावाला लागून आहे, पण पाहायचं ते खाडीवर. खाडीपलीकडची धाकटी डहाणू हे मच्छीमारांचं गाव. भरतीला होड्या आत येतात, ओहोटीला त्याच होड्या गाळात एका कुशीवर कलंडून पडलेल्या असतात. तिथं जायचं ते भरतीच्या आधी तासभर, म्हणजे एकामागून एक आत शिरणाऱ्या होड्या दिसतात.

चिंचणी-तारापूरला एक-दोन तास पुरेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, त्या बाजूला ड्रोन आणि लांब भिंगाचे कॅमेरे काढू नका. डहाणूजवळ वाढवण बंदराचं काम सुरू झालंय आणि त्यावरून गावांमध्ये रागही आहे. चहाच्या टपरीवर पाहुण्याने त्यावर मत देण्यापेक्षा ऐकून घेतलेलं चांगलं.

सातपाटीला मात्र निदान अर्धा दिवस राखून ठेवा. पालघर स्टेशनहून आठ-दहा किलोमीटर, शेअर रिक्षा आणि एसटी दोन्ही मिळतात. पापलेटचं गाव म्हणून याचं नाव. २०२३ मध्ये राज्याने रुपेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, आणि त्या माशाचं राज्यातलं माहेर विचाराल तर लोक सातपाटीकडेच बोट दाखवतात. इथल्या मोठ्या होड्या दालदा नावाची जाळी घेऊन जातात. पाण्यात उभ्या पडद्यासारखं हे जाळं सोडतात आणि मासा जाळ्याच्या डोळ्यांत, म्हणजे छिद्रांत, कल्ल्यांनी अडकतो. या होड्या समुद्रात दिवसचे दिवस राहतात आणि भरतीला परत येतात. म्हणून ‘सकाळी सहाला लिलाव’ असं ठरलेलं काही नसतं. आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन ‘उद्या होड्या कधी लागतील?’ असं विचारायचं, हा एकच खात्रीचा उपाय.

होडी लागली की पाट्या उतरतात आणि घाऊक व्यवहार भराभर होतो. तिथं पाहुण्याने मध्ये शिरून भाव विचारू नये. कडेला उभं राहा, वाट मोकळी सोडा. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन येणाऱ्या बाईला थांबता येत नाही, तिच्या पायाखाली बर्फाचं पाणी असतं. किरकोळ खरेदी त्याच मालातून थोड्या वेळाने, विकायला बसलेल्या बायकांकडे करायची.

दक्षिणेला केळवे आणि माहीम. केळव्याला सुरूचं बन, शीतलादेवीचं मंदिर, वाळूत उभा छोटा किल्ला. पण शनिवार-रविवारी मुंबईची झुंबड असते, तेव्हा टाळा. गावामागच्या वाडवळांच्या (इथल्या बागायतदार समाजाच्या) वाड्या आणि पानवेलींचे मळे पायी फिरून बघण्यासारखे आहेत. केळवे रोड स्टेशनपासून किनारा सात-आठ किलोमीटरवर. वेळ उरला तर विरारहून अर्नाळा. किल्ला बेटावर आहे, होडीने काही मिनिटांत पोचता येतं. ओहोटीला होडी काठाला लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चढावं-उतरावं लागतं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर भरतीच्या वेळी जा, आणि शेवटची होडी किती वाजता परतते हे चढण्याआधीच विचारा.

कोळीवाड्यात वागायचं कसं

पसरलेलं जाळं ओलांडू नका, त्यावरून चालू तर अजिबात नका. चपलेच्या खिळ्याने एक डोळा फाटला तरी तो हाताने शिवावा लागतो. होडीत चढायला बोलावलं तर चप्पल खाली काढा, होडीची पूजा होते. वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर, बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले असतात. ते दिसतातच इतके सुंदर की हात जातो, पण हात लावू नका. मासळी विकणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणा, पुरुषाला ‘दादा’ नाहीतर ‘काका’. तांडेल म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, खलाशी म्हणजे हाताखालची माणसं. होडीचा मालक आणि तांडेल एकच असेल असं नाही. फोटो विचारून काढा. काही घेतल्यावर विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. उगाच पाच पाट्या उचलून पाहिल्या आणि काहीच घेतलं नाही तर मात्र दोन शब्द ऐकायची तयारी ठेवा.

मासळी ओळखणं, घेणं, शिजवून घेणं

आपल्याकडे हतनूर-उकाईचे रोहू, कटला, मरळ ओळखणारे पुष्कळ. समुद्राच्या माशाला काही कसोट्या वेगळ्या आहेत. पापलेटच्या कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबा. पांढरट, दुधासारखं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर दिवस झालेत. अंगावर बोट दाबून सोडल्यावर खळगा भरून आला पाहिजे. बोंबील मुळातच लिबलिबीत असतो, त्याला ही परीक्षा चालत नाही. तो पांढरा-गुलाबीसर आणि चकचकीत हवा, पिवळट पडलेला सोडून द्या. सुरमई-रावसाचे कल्ले उघडून लाल रंग बघा. कोळंबीचं डोकं लोंबत असेल किंवा काळं पडलं असेल तर नको. चिंबोरी हातात तोलून घ्या: आकाराने मोठी पण हलकी असेल ती आतून पोकळ. तळहाताहून लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. त्याला अजून एकदाही अंडी घालायला मिळालेली नसतात. अशी पिल्लं उचलल्यानेच पापलेट कमी होत चाललंय, हे सातपाटीचे लोकच सांगतील.

मोठी मासळी किलोवर किंवा नगावर, बारीक मासळी वाट्यावर मिळते. माणशी साफ न केलेली पावकिलो ते तीनशे ग्रॅम मासळी पुरते. कोळंबी सोलल्यावर जवळजवळ निम्मी उरते, ती जास्त घ्या. भाव सांगितल्यावर लगेच निम्म्याने मागू नका. दोन प्रकार एकत्र घेतले आणि ‘मावशी, वर काहीतरी टाका’ म्हटलं की मूठभर मांदेली पिशवीत पडतात. घासाघिशीची हीच रीत बरी.

राहायला घरगुती निवास निवडा आणि जेवण तिथंच सांगा. सकाळी मासळी स्वतः आणून दिली, किती माणसं ते नऊ-दहाच्या आत सांगितलं, की दुपारचं ताट ताजं मिळतं. ऐनवेळी पंधरा माणसं उतरली तर फ्रिजमधलं काढलं जाणारच. तिखटाबद्दल आधी बोलून घ्या. इकडचं कालवण आंबटसर आणि सौम्य असतं, खान्देशी जिभेला ते पहिल्या घासाला फिकं लागतं. म्हणून आपला काळा मसाला पुडीत बांधून नेणारे बरेच असतात. न्या, पण तो स्वयंपाकघरात देऊन ‘यातच करा’ म्हणू नका. दुसऱ्या दिवशी पापलेटची चव कळायला लागते. शाकाहारी मंडळींनी हिवाळ्यात वाडवळांची उकडहंडी मिळते का विचारावं. उन्हाळ्यात ताडगोळे आहेतच.

स्वतः चूल मांडणार असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. नदीचा मासा आपण मसाल्यात रटरट शिजवतो, चिखलाचा वास जायला लसूण ओततो. समुद्राच्या माशाला यातलं काही लागत नाही. रस्सा आधी पूर्ण उकळून घ्या, मग तुकडे सोडा. पापलेट-सुरमईला सात-आठ मिनिटं, बोंबलाला तीन-चार. बोंबील सोडल्यावर पळी घालायची नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. पळी घातलीत तर बोंबलाची आमटी होते.

पाण्यात जपून

विहिरीत सूर मारणारा गडी समुद्रात हमखास फसतो. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढत नेतं. अंघोळ पाणी चढत असताना करा, उतरायला लागलं की बाहेर या, आणि कमरेच्या पुढं जाऊ नका. ओहोटीला लांबवर चालत गेलात तर परतीच्या वाटेकडे लक्ष ठेवा. पुळण सपाट दिसते, पण मध्ये उथळ पन्हळी असतात. भरती सुरू झाली की आधी त्या भरतात, म्हणजे पाणी तुमच्या पाठीमागून येतं. खाडीच्या तोंडाशी गाळात पाय घालू नका, मांडीपर्यंत रुततो.

गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू रस्त्यासारखी टणक वाटते, गाडी थांबली की चाकं खचतात, काढायच्या नादात आणखी रुततात आणि तोवर भरती येते. ट्रॅक्टरने ओढून काढली तरी खारं पाणी वायरिंगमध्ये गेलेलं असतं. अडचण आली तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक लावा.

आखाजीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना आणखी एक. जळगावच्या ४४-४५ अंशांत राहणाऱ्याला किनाऱ्यावरचे ३४ अंश किरकोळ वाटतात. पण आपल्याकडे घाम लगेच वाळतो, इथं दमट हवेत तो वाळतच नाही आणि अंग थंड होत नाही. त्यात मीठ-पाणी निघून जातं, संध्याकाळी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. अकरा ते चार सावलीत काढा, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घेत राहा.

घरी काय आणि कसं न्यायचं

ओली मासळी साडेचारशे किलोमीटर नेता येते, पण सगळी नाही. बोंबील नेऊ नका, त्यात पाणीच फार, वाटेत त्याचं पिठलं होतं. पापलेट, हलवा, सुरमई टिकतात. पोट आणि कल्ले काढून, धुऊन, पाणी निथळू द्या. थर्माकोलच्या खोक्यात तळाला फोडलेला बर्फ, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ. वजन सारखं ठेवा: एक किलो मासळीला एक किलो बर्फ, आणि प्रवास दहा तासांहून जास्त असेल तर दीड. मासळी जाड पिशवीत बांधलेली हवी, वितळलेल्या पाण्यात लोळली की मऊ पडते. झाकणाला चिकटपट्टी फिरवा. रेल्वेत डब्यात वास सुटला तर भांडण ठरलेलं आणि मासळीवाल्याची बाजू कुणी घेत नाही. स्वतःच्या गाडीनेच न्यावी हे उत्तम.

सुकी मासळी मात्र खान्देशासाठीच केल्यासारखी आहे. आपल्या आठवडे बाजारात सुकट-बोंबील मिळतातच, पण ते किती हात फिरून आलेले असतात कोण जाणे. इथं वलांडीखालून घेता येतात. मार्च ते मे हा खरेदीचा काळ. पावसाळ्याची बेगमी, जिला इकडं आगोट म्हणतात, ती लोक तेव्हाच भरतात. बोंबील वाकवून पाहा: कडक वाळलेला असेल तर कट्कन मोडतो. वाकून राहिला तर आत ओल आहे, पावसाळ्यात त्यात अळी पडणार. रंग फिकट सोनेरी हवा. खारवलेल्या मासळीवरची पांढरी पूड मिठाची असू शकते, पण हिरवट डाग बुरशीचे आणि गुलाबी झाक जंतूंची, ती घेऊ नका. सुकट चिमूटभर पाण्यात टाका: वाळू तळाला बसली तर ती पुळणीवर पसरून वाळवलेली आहे, ओट्यावर किंवा जाळीवर वाळवलेली मागा. मुठीत दाबून सोडल्यावर दाणा मोकळा झाला पाहिजे.

घरी आणल्यावर दोन दिवस गच्चीवर कडक ऊन द्या. वैशाखात आपल्याकडे ते फुकट आणि भरपूर आहे, वर साडी झाका म्हणजे कावळे येणार नाहीत. बोंबलाचं डोकं-शेपूट कापा, सुकट कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून पूर्ण गार करा आणि मग काचेच्या बरणीत भरा. गरम असताना झाकण लावलं तर आतल्या वाफेनेच बुरशी धरते. ओला चमचा बरणीत घालायचा नाही, आणि श्रावण लागायच्या आधी एकदा उघडून वास घेऊन बघायचा.